नाताळचं चॉकलेट आणि मार्गशीर्षातले गुरुवार

"नाताळात चॉकलेट दिसलं की हात थांबतच नाही. माझ्यात मनोनिग्रह नाही का?" मी आहाराबद्दल सल्ला देते. डिसेंबर लागला की हा प्रश्न माझ्याकडे येऊ लागतो, आणि गोव्यात तो येणारच. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त म्हणजे चर्चचा उत्सव, ८ तारखेला पणजीचं, मग नाताळ, नवं वर्ष, ६ जानेवारीला तीन राजांचं फेस्त. महिनाभर कुणाच्या ना कुणाच्या घरून ताट येत असतं. त्यात आखातातून सुट्टीवर येणारे नातेवाईक पिशवीभर चॉकलेटं घेऊनच उतरतात. या प्रश्नाला उत्तर म्हणून मी एका बाईंची हकीकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या फोंड्याजवळ राहतात, चाळिशी ओलांडलेली, पणजीत पाटोवरच्या एका कचेरीत नोकरी. जाणं-येणं कदंबाच्या बसने. नोव्हेंबरात तपासणी केली तेव्हा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ आला. ५.७ ते ६.४ हा टप्पा मधुमेहाच्या उंबरठ्याचा. डॉक्टरांनी गोड कमी करायला सांगितलं. बाईंनी घरी येऊन जाहीर केलं, "१ डिसेंबरपासून चॉकलेट बंद. तोंडात घालणार नाही." खीर, शिरा, लाडू यांची त्यांना कधीच ओढ नव्हती. जीव अडकला होता तो चॉकलेटात.

पहिले दोन-तीन दिवस निभावले. मग एका रात्री सगळे झोपल्यावर त्यांनी फ्रिजचा भाजीचा कप्पा उघडला. नणंदेने दुबईहून आणलेला डबा तिथे मेथीच्या जुडीखाली लपवलेला होता. उभ्या उभ्या, दिवा न लावता अर्धा डबा संपला. कागद केराच्या बादलीत तळाशी दाबले. सकाळी सासूबाईंसमोर चहा पिताना डोळे वर करायची हिंमत होईना. असं पुन्हा पुन्हा घडू लागलं तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. "मॅडम, चॉकलेटपेक्षा त्या लपवाछपवीचा मला जास्त त्रास होतो," असं म्हणून त्या रडल्या.

मी त्यांना एक वही ठेवायला सांगितली. किती खाल्लं ते लिहायचं नाही. किती वाजता, कुठे, आणि त्याआधी पोटभर जेवण कधी झालं होतं, एवढंच. आकडे लिहिले की माणूस स्वतःला शिक्षा करू लागतो. वेळ लिहिली की काहीतरी दिसायला लागतं.

वहीत गुरुवार ठळक दिसले. मार्गशीर्ष चालू होता. बाई महालक्ष्मीचं व्रत करतात. सकाळी पूजेची मांडणी, मग बस, दिवसभर कचेरीत नुसता चहा, संध्याकाळी परतल्यावर आरती, कहाणी, हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका, आणि सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर रात्री उशिरा स्वतःचे चार घास. त्यानंतर तासाभरात फ्रिज. इतर दिवशीही साखरेच्या भीतीने डबा अर्धाच नेलेला असायचा. म्हणजे ज्याला त्या मनाचा दुबळेपणा म्हणत होत्या, तिथे आधी उपाशी शरीर होतं आणि त्यावर स्वतःच घातलेली कडक बंदी होती.

बंदीनं काय होतं याचा अभ्यास झालेला आहे. २००५ साली टोरांटोच्या जेनेट पोलिवी आणि सहकाऱ्यांनी काही स्त्रियांना आठवडाभर चॉकलेट वर्ज्य करायला सांगितलं. ज्या एरवीही खाण्यावर सतत लगाम ठेवून असायच्या, त्यांनी बंदी उठल्यावर इतरांपेक्षा जास्त चॉकलेट खाल्लं. बाईंना हे सांगितल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी एकटीच अशी नाही."

त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की चॉकलेटची ओढ म्हणजे शरीरात मॅग्नेशियम कमी आहे. तसं असतं तर तीळ, बदाम, भोपळ्याच्या बिया यांच्यासाठीही जीव तळमळला असता. १९९४ मध्ये पॉल रोझिन आणि विला मिचनर यांनी हे तपासून पाहिलं. ओढ लागेल त्या वेळी लोकांना कधी चॉकलेट, कधी पांढरं चॉकलेट, तर कधी कोकोची पूड भरलेल्या कॅप्सूल दिल्या. चॉकलेटने तलफ भागली, पांढऱ्याने थोडीफार, कॅप्सूलने नाहीच. ओढ असते ती चवीची, वासाची आणि जिभेवर विरघळण्याची. कोकोतलं लोणी शरीराच्या तापमानाच्या किंचित खाली वितळतं, ते सुख दुसऱ्या कशातून मिळत नाही. म्हणून 'चॉकलेटऐवजी खजूर खा' हा सल्ला मी देत नाही. बाईंनी तोही करून पाहिला होता: आधी मूठभर खजूर, मग चॉकलेटही. खजुरात वजनाच्या साठ टक्क्यांहून अधिक साखरच असते.

आता काय केलं ते सांगते. सगळ्यात जास्त वेळ व्रताच्या बोलण्यात गेला. "व्रत सोडा" असं मी म्हणाले नाही, आणि कुणी म्हणूही नये. ती पूजा त्यांना बळ देते, सासूबाईंशी त्यांना जोडून ठेवते. मी फक्त विचारलं, उपवास निरंकार करायचा असं कुणी सांगितलंय का? त्यांनी सासूबाईंना विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही शेतावर जायचो तेव्हा फळं-दूध घेऊनच जायचो. तुला कोण उपाशी राहायला सांगतंय?" पुढच्या गुरुवारी डब्यात पेरू, भाजलेले शेंगदाणे आणि ताक गेलं. नैवेद्य दाखवल्यावर पहिलं पान त्यांचं वाढायचं, हेही सासूबाईंनीच ठरवलं. इतर दिवशी डबा पूर्ण न्यायचा आणि बस पकडण्याआधी मूठभर चणे खायचे.

मग चॉकलेटला जागा दिली. डॉक्टरांना विचारलं, पूर्ण बंद करा असं ते म्हणालेच नव्हते, प्रमाण सांभाळा म्हणाले. दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणानंतर, भरल्या पोटी, बशीत घेऊन, खाली बसून, घरच्यांसमोर एक तुकडा. साधारण दहा ग्रॅम, आवडतं तेच. हे ऐकून त्या घाबरल्या. "एकाने सुरू झालं की थांबणार नाही." भरल्या पोटी, उजेडात आणि उद्याही मिळणार आहे हे माहीत असताना काय होतं ते बघू, म्हटलं. पहिल्या दिवशी दोन तुकडे झाले. ते त्यांनी वहीत लिहिलं, लपवलं नाही. माझ्या लेखी ती मोठी गोष्ट होती.

मधूनच उसळणाऱ्या तलफेसाठी वेगळा उपाय लागतो. तेव्हा डोळ्यांसमोर त्या पदार्थाचं चित्र उभं राहतं, आणि ते चित्र मोडलं की ओढ सैल पडते. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की जेमतेम तीन मिनिटं टेट्रिस हा पडद्यावर ठोकळे जुळवायचा खेळ खेळल्यावरही तलफेचा जोर कमी होतो. बाईंना मोबाइलवरचे खेळ आवडत नाहीत. त्या ठिपक्यांची रांगोळी फार सुरेख काढतात. चौकटीच्या वहीत पुढच्या गुरुवारसाठी नक्षी जुळवायला त्यांनी सुरुवात केली. डोळे आणि हात ठिपक्यांत गुंतले की फ्रिजची आठवण मागे पडायची. दर वेळी नाही, पण बऱ्याचदा.

आल्यागेल्याचा आग्रह हा शेवटचा भाग. शेजारच्या आंटी नाताळचं ताट घेऊन येतात: बेबिंका, दोदोल, नेवऱ्या, हातची चॉकलेटं. "इल्लेंशें खा गो" (थोडंसं खा गं) म्हणताना त्यांच्या तोंडावर जे प्रेम असतं, त्याला नाही म्हणू नये. एक तुकडा त्यांच्यासमोर खावा, बाकीचं त्याच दिवशी घरात वाटावं. नणंदेला मात्र फोन करून स्पष्ट सांगावं लागलं. पुढच्या खेपेला बदाम-पिस्ते आण, चॉकलेट नको. साखरेचा आकडा असा आला आहे. नणंद म्हणाली, "वहिनी, आधी का नाही सांगितलंस?" आजार लपवला की घरचे लोक प्रेमानेच आपली वाट बिकट करत राहतात, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

३१ डिसेंबरच्या रात्री कचेरीतल्या भेटीचा डबा उघडला गेला आणि ठरल्यापेक्षा बरंच जास्त खाल्लं गेलं. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून उपाशी राहायचं नाही, नेहमीचा नाश्ता करायचा, एवढंच आम्ही आधी ठरवून ठेवलं होतं. त्यांनी ते पाळलं. रात्री फ्रिजपाशी जाणं जानेवारीत थांबलं. चॉकलेटची आवड अजून आहे, ती जावी अशी माझी इच्छाही नाही.

मात्र काही लक्षणं असतील तर वहीवर विसंबू नका. थोड्या वेळात खूप खाल्लं जातं आणि थांबता येत नाही, नंतर मुद्दाम उलटी काढली जाते, जुलाबाचं औषध घेतलं जातं, किंवा स्वतःची इतकी घृणा येते की जगणं नको वाटतं, तर हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. बांबोळीच्या मनोविकार संस्थेत जाता येतं, किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही बोलता येतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर गुरुवारचा उपवास धरण्याआधी डॉक्टरांशी बोला, आणि त्यासाठी सण उलटायची वाट पाहू नका.