टिप, बक्षीस आणि भात

प्रश्न आलाय की हॉटेलात वेटरला टीप देणं बंधनकारक आहे का आणि टीपला मराठीत काय म्हणायचं. आधी ती दीर्घ टी काढा हो. टीप पानाच्या तळाला असते नाहीतर शिलाई मशीनवर मारतात, वेटरला देतात ती टिप. शुद्धलेखनवाले आता शेवटून दुसरा इकार दीर्घ हा नियम घेऊन येतील, येऊ देत, नियम घरच्यांसाठी असतो, हा पाहुणा आहे. आणि टिप म्हणजे 'टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस' हे व्हॉट्सॲपवरचं ज्ञान पुन्हा ऐकवू नका, वैताग आलाय. सतराव्या शतकात इंग्रज चोरांच्या बोलीत टिप म्हणजे 'दे, सरकव' असं साधं क्रियापद होतं, आद्याक्षरं जुळवून शब्द पाडायची फॅशन त्यानंतर खूप उशिरा आली.

आपला शब्द बक्षीस. बक्षिसी म्हणा हवं तर. शाळांच्या गॅदरिंगने त्याला स्टेजवर चढवला म्हणून लोक त्याचा हा अर्थ विसरले. भाषाशुद्धीवाले म्हणतात पारितोषिक म्हणा, म्हणजे मिसळ खाऊन झाल्यावर वेटरला हाक मारून पारितोषिक प्रदान करायचं का?

बंधनकारक आहे का याचं उत्तर शब्दातच आहे, बक्षीसपत्र बघा. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 122 सांगतं की बक्षीस म्हणजे स्वखुशीने आणि मोबदल्याशिवाय दिलेलं. सक्ती आली की बक्षीस संपलं. बिलात छापून येतो तो सर्व्हिस चार्ज वेगळा, तो आपोआप लावायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022मध्ये मनाई केली, हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि मार्च 2025मध्ये दिल्ली हायकोर्टाने मनाई कायम ठेवली. भाचा अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडे वीस टक्के ठेवले नाहीत तर वेटर तोंडाकडे बघत राहतो. बघणारच, टिपवर काम करणाऱ्याला मालकाने स्वतः द्यायचा किमान पगार तिथल्या केंद्रीय कायद्यात 1991पासून तासाला 2.13 डॉलर आहे, बाकीचा पगार गिऱ्हाइकाच्या खिशातून. ती टिप नव्हेच, तो भत्ता झाला.

आणि भत्ता म्हटलं की मला राहवत नाही. बक्षीस आलं फारसी बख्शीशवरून, बख्शीदन म्हणजे देणं, माफ करणं, पण त्याच्या मुळाशी आहे वाटून देणं, आजही फारसीत बख्श म्हणजे भाग, विभाग. आणि हा भाग शब्द आपल्या भज् धातूचा, भज् म्हणजे वाटणं, इराणी आणि संस्कृत दोन्हीकडचं मूळ एकच. त्याच भज् पासून भक्त, म्हणजे वाटलेला, वाट्याला आलेला, म्हणून अन्न, म्हणून शिजवलेला तांदूळ, आणि त्याचाच प्राकृतातून झाला भात! म्हणजे बक्षीस आणि राईस प्लेटमधला भात हे चुलत चुलत भाऊ आहेत, हे मला समजलं त्या दिवशी मी घरात सगळ्यांना पकडून सांगितलं, कोणी जेवण थांबवलं नाही. माझ्या मते वेटरला आपण दान देत नाही, त्याचा वाटा देतो, म्हणून कलम 122 काहीही म्हणो मी ठेवतोच.

एक सर मला म्हणाले बक्षीस संस्कृतच आहे, त्यात क्ष आहे ना. सर, रिक्षातही क्ष आहे, ती जपानहून आली.

भत्ताही याच भक्तच्या घरातला. त्याबद्दल हॉब्सन-जॉब्सनवाले (इंग्रजांच्या बोलण्यातल्या हिंदुस्थानी शब्दांचा कोश, 1886) कानडी भत्त म्हणजे साळीपर्यंत जातात आणि तिथेच टेकतात. अरे बाबांनो, ते कानडी भत्त तरी कुठून आलं, त्याच भक्तवरून ना! यासाठी कर्नाटकात जायचीही गरज नव्हती, कोकणात विचारलं असतं तरी चाललं असतं, तिथे शेतात उभं असतं तेही भात आणि पानात वाढतात तोही भात.