नानचाकू नंतर, आधी काठी

प्रश्न: माझा मुलगा 11 वर्षांचा आहे, दोन वर्षं कराटेला जातो. आता व्हिडिओ बघून नानचाकूच पाहिजे म्हणून हट्ट धरून बसलाय. ऑनलाइन मागवू का? (एक आई, सिंहगड रोड)

ताई, आत्ता नका मागवू. हट्ट करतोय म्हणजे मुलाला गोडी लागलीये आणि ती टिकली पाहिजे, म्हणूनच नको म्हणतोय. नानचाकू म्हणजे दोरीने जोडलेले दोन दांडे, एक आपल्या हातात असतो पण दुसरा मोकळा, आणि तो जेवढ्या जोरात जातो तेवढ्याच जोरात परत येतो, मग कोपरावर, गुडघ्यावर, कपाळावर टेंगूळ. माझ्याकडे शिकायला येणारी मोठी माणसंसुद्धा पहिल्या महिन्यात निळे-काळे कोपर घेऊन फिरतात. पोरगं एकदा नीट लागलं की घाबरतं, आणि भीती बसली की क्लासच सुटतो.

जपानमधल्या ओकिनावा बेटांच्या कोबुडोमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या शस्त्रविद्येत, बहुतेक ठिकाणी सुरुवात बो पासून होते. बो म्हणजे लांब काठी, मोठ्या माणसाची साधारण 182 सेंटिमीटर. तुमच्या मुलाला त्याच्या डोक्याच्या वर चार बोटं जाईल एवढीच द्या, वेताची, सरळ. वेत हलका असतो आणि लागला तरी जड लाकडापेक्षा कमी लागतो. काठीचा फायदा असा की चूक लगेच कळते, मागचं टोक बरगडीत बसतं नाहीतर जमिनीला घासतं, सांगायला सर लागत नाहीत. मुठी कशा धरायच्या? ओला पंचा पिळतो ना आपण, तशा, दोन्ही हात आतल्या बाजूला किंचित वळवून, आणि करंगळी आणि अनामिका घट्ट, बाकीची बोटं नुसती टेकलेली. एवढं सहा महिने केलं आणि शुशी नो कोन ही बो ची काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, बसली की नानचाकूचं बघू. तेव्हाही पहिला फोमचाच घ्या, दोन दांड्यांमधली दोरी त्याच्या तळहाताच्या रुंदीएवढी असलेला.

प्रश्न: साई हे तीन टोकांचं लोखंडी शस्त्र मुळात शेतातलं अवजार होतं आणि शेतकऱ्यांनी समुराईंशी लढायला ते वापरलं असं आम्हाला शिकवलंय, खरंय का? आणि साई फिरवून माझं मनगट फार दुखतं. (कॉलेजची विद्यार्थिनी, कर्वेनगर)

अगं, ही गोष्ट इतक्या क्लासमध्ये सांगतात की खरीच वाटते, पण साईच्या बाबतीत ती पटण्यासारखी नाही. ओकिनावा म्हणजे पूर्वीचं र्‍युक्यू राज्य, 1609 मध्ये जपानच्या सात्सुमा संस्थानाच्या लोकांनी ते जिंकलं आणि 1879 मध्ये जपानने ते आपला प्रांत करून टाकलं. त्या बेटांवर लोखंड कमी, बाहेरून आणावं लागायचं, मग शेतकरी ते अशा तीन टोकांच्या, धार नसलेल्या वस्तूसाठी कशाला घालवेल, तिने ना माती उकरता येते ना गवत कापता येतं. साई वापरायचे तिथले पोलीस आणि पहारेकरी, माणसाला न कापता अडवायला, धरायला, गर्दी मागे सारायला. आणि ही विद्या जपणाऱ्यांमध्ये पेचिन नावाचे राजदरबारी चाकरीतले लोक बरेच होते, नुसती शेतकऱ्यांची म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. हां, कामा म्हणजे विळाच आणि एकू म्हणजे होडीचं वल्हंच, ते कामाधंद्यातूनच आलेलं. त्सुकेन बेटाच्या नावाची वल्ह्याची काता आहे त्यात वल्ह्याच्या पात्याने वाळू उडवून समोरच्याच्या डोळ्यात टाकतात, मी पहिल्यांदा शिकलो तेव्हा अंगावर काटा आला होता, किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसालाच हे सुचणार.

आता मनगट. आधी साई मापाची आहे का बघ. उलटी धरून हाताला लाव, मधलं टोक कोपराच्या दोन-तीन सेंटिमीटर बाहेर आलं पाहिजे. त्याहून जास्त आलं तर ती तुझ्यासाठी मोठी आहे आणि तेवढं वजन मनगट ओढतंय. कोणाचीतरी जुनी वापरत असशील, बहुतेक मुली तसंच करतात. दुसरं, उघडताना झटका मनगटाने देऊ नकोस, साई अंगठ्याच्या मुळाशी फिरली पाहिजे, मूठ सैल, आणि शेवटच्या क्षणी करंगळी आवळायची. आठ दिवस साई बाजूला ठेव, मग आरशासमोर अगदी हळू, एका हाताने वीसच वेळा. तरी दुखलं किंवा सूज आली तर हाडांच्या डॉक्टरांना दाखव, अंगावर काढू नकोस.

प्रश्न: वय 48, बो विकत घ्यायची आहे. पुण्यात चांगली कुठे मिळेल? आणि सकाळी तळजाईला घेऊन गेलं तर चालेल का? (एक वाचक, धनकवडी)

दादा, दुकानात तयार शोधण्यापेक्षा करून घ्या. ओकिनावात ओकच्या लाकडाची असते, मी शिसवाची वापरतो, जड आहे पण टिकते. टिंबर मार्केटला स्वतः जा, लाकूड डोळ्यासमोर आडवं धरून बघा, रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत, मध्येच बाहेर पडत असतील किंवा गाठ असेल तर तिथेच फुटणार. मग एखाद्या कातारी माणसाकडून मध्ये साधारण 3 सेंटिमीटर आणि टोकांना बारीक अशी कातून घ्या. व्हार्निश अजिबात नको, घामाने हात चिकटतो आणि बो तर हातातून सरकली पाहिजे, जवसाचं तेल चोळा. आणि पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका, वाकते, आडवी ठेवा. माझी एक चांगली बो अशीच गेली.

तळजाईला नेण्याबद्दल, मुंबई पोलीस कायदा 1951, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, त्याच्या कलम 37 खाली आयुक्त मनाईहुकूम काढतात तेव्हा काठी-लाठी बाळगायलाही बंदी येऊ शकते, सणावारी आणि निवडणुकीत असे हुकूम निघतात. तेव्हा जवळच्या चौकीत विचारून घ्या, नेताना कापडी पिशवीत बांधून न्या, आणि फिरायला येणाऱ्यांपासून लांब, झाडांच्या बाजूला उभे राहा, कारण मागून कोण येतंय ते बो फिरवताना दिसत नाही.