हवालदार ते नायब सुभेदार: काडरला जाण्याआधीची तयारी

अमळनेर तालुक्यातील एका हवालदार बंधूंनी विचारले आहे की, पायदळाच्या पलटणीत ते प्लाटून हवालदार आहेत, पुढील वर्षी नायब सुभेदारपदाच्या काडरसाठी, म्हणजे पदोन्नतीआधीच्या प्रशिक्षण व परीक्षेच्या वर्गासाठी, त्यांचे नाव जाण्याची शक्यता आहे, आणि मॅप रीडिंग (नकाशा वाचन) व वर्गापुढे उभे राहून शिकवणे या दोन गोष्टींची त्यांना धास्ती वाटते. तेव्हा कोणते पुस्तक वाचावे? त्यांचा दुसरा प्रश्न असा की, घरी आई-वडील थकले आहेत, शेती पाहायला कोणी नाही, तर काडरला न जाता ‘अनविलिंग’, म्हणजे पदोन्नती नको असे, लिहून द्यावे काय? मी पायदळातूनच सुभेदार म्हणून निवृत्त झालो, सेवेत असताना काडरवर उस्ताद (प्रशिक्षक) म्हणूनही काम केले, आणि आपल्या धुळे-जळगाव-नंदुरबारकडचे अनेक हवालदार या टप्प्यावर जवळून पाहिले आहेत. म्हणून दोन्ही प्रश्नांना सविस्तर उत्तर देतो.

पुस्तकाचे आधी सांगतो. तुमच्या पलटणीच्या ट्रेनिंग विभागात जी प्रेसी (छापील टिपणे) मिळते ती पुरेशी आहे. बाजारातील गाइड घेऊन पाठांतर करण्याने फार काही साधत नाही. काडरच्या उस्तादांना आणि बोर्डावरच्या अधिकाऱ्यांना मुख्यतः एकच गोष्ट पाहायची असते: या माणसाच्या हाती उद्या तीसेक जवान दिले, तर तो त्यांना शिकवील, हुकूम देईल आणि अडचणीत सांभाळील काय? हे गुण काडरच्या काही आठवड्यांत अंगी येत नाहीत. तुम्ही आज प्लाटून हवालदार आहात, म्हणजे सराव करण्याची जागा तुमच्याजवळ आधीच आहे. तयारी तिथेच करायची आहे.

त्याआधी मात्र कागद तपासा. कितीतरी चांगले हवालदार अंगच्या गुणांत कमी पडत नाहीत, कागदात अडकतात. तुम्ही केलेल्या प्रत्येक कोर्सचा निकाल पार्ट टू ऑर्डरमध्ये (सेवेतील नोंदींच्या पलटणीच्या आदेशात) प्रसिद्ध होऊन रेकॉर्ड ऑफिसपर्यंत पोहोचला आहे काय, सैनिकी शिक्षणाचे प्रमाणपत्र आणि मॅप रीडिंगची अट पूर्ण झाल्याची नोंद आहे काय, शीट रोलमध्ये (सेवेच्या नोंदपत्रकात) नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच आहे काय, हे कंपनी क्लार्कजवळ बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आपल्याकडे आडनाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे, किंवा वडिलांचे नाव घरी हाकेत असते तसे लिहिलेले, हा प्रकार सर्रास आढळतो. अशी दुरुस्ती महिनोन्‌महिने चालते, आणि पदोन्नती समितीपुढे जी नोंद असेल तीच धरली जाते.

वार्षिक गोपनीय अहवालांबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण हा विषय बहुतेक जण उशिरा समजून घेतात. नायब सुभेदारपदासाठी शेवटचे पाच अहवाल विचारात घेतले जातात; त्यांतील काही हवालदारपदावरचे असावे लागतात, आणि काही रेजिमेंटल ड्युटीवरचे (पलटणीतल्या प्रत्यक्ष कामाचे) किंवा प्रशिक्षक म्हणून केलेल्या कामाचे असावे लागतात. याचा अर्थ असा की, तुम्ही आज जे काम करता त्याचा अहवाल पुढील काही वर्षे तुमच्याबरोबर चालणार आहे. पलटणीबाहेरची सोयीची नेमणूक मिळत असेल, घर जवळ पडत असेल, तरी तिच्यामुळे रेजिमेंटल ड्युटीचे अहवाल कमी पडतील काय, याचा हिशोब आधी मांडा. तुमच्या शाखेला लागू असलेले नेमके निकष अॅडज्युटंट (पलटणीचे प्रशासन पाहणारे अधिकारी) किंवा सुभेदार मेजर साहेबांकडून समजून घ्या. हे विचारण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही, आणि स्वतःच्या सेवेची माहिती ठेवणारा हवालदार कोणालाही आवडतो.

शिस्तीच्या नोंदींमध्ये आपल्या भागातील जवानांना सर्वांत जास्त नडते ती रजा संपूनही घरी राहण्याची सवय. लग्नसराई असते, कापूस वेचणीला मजूर मिळत नाहीत, किंवा कोणी आजारी पडते, आणि दोन दिवस उशिरा निघू असे म्हणत माणूस भुसावळला गाडीत बसतो तोवर आठवडा झालेला असतो. योग्य कारणाशिवाय रजेहून उशिरा परतणे हा आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ३९ खालचा गुन्हा आहे, कमांडिंग ऑफिसर कलम ८० खाली त्याची शिक्षा देऊ शकतात, आणि लाल शाईची, म्हणजे गंभीर शिक्षेची, ती एक नोंद पदोन्नतीच्या वेळी समोर येऊन उभी राहते. खरीच अडचण आली तर रजा संपण्यापूर्वी पलटणीला कळवा, मुदतवाढ मागा आणि ती मंजूर झाल्याचे लेखी मिळवा. स्वतः आजारी पडलात तर जवळच्या लष्करी रुग्णालयात, आणि ते गाठणे शक्य नसेल तर सरकारी रुग्णालयात दाखल होऊन कागद घ्या.

आता मॅप रीडिंग. याची भीती बहुधा गणिताची भीती असते, आणि ती वर्गात बसून जात नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे ओपन सिरीज नकाशे सामान्य नागरिकांना उपलब्ध आहेत. रजेत आपल्याच तालुक्याचा नकाशा मिळवा. पलटणीचा नकाशा घरी कधीही आणू नका, तो जपून ठेवायचा कागद आहे. या प्रमाणात २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे १ किलोमीटर. आपले गाव, बोरी किंवा पांझरा नदी, रेल्वेची रूळवाट, शिवारातला एखादा टेकाड ही ओळखीची ठिकाणे नकाशावर शोधू लागलात की उंचीरेषा आपोआप बोलू लागतात: रेषा जवळजवळ आल्या तर चढ खडा, दूर गेल्या तर सौम्य, आणि पाण्याच्या उगमाकडे टोक करून वळल्या तर तो नाला. ज्या जमिनीवर लहानपणापासून चाललो ती कागदावर कशी दिसते हे एकदा कळले की अनोळखी जमीनही कागदावरून डोळ्यांपुढे उभी राहते.

कंपासचा सराव करायचा असेल तर चोपडा, यावल किंवा शिरपूरकडच्या मोकळ्या शेतासारखी जागा नाही, कारण उत्तरेला सातपुड्याची शिखरे स्पष्ट दिसतात. नकाशावर ओळखता येतील अशी दोन शिखरे निवडा, प्रत्येकाचे बेअरिंग (उत्तर दिशेपासूनचा कोन) घ्या, कंपासवरचे चुंबकीय बेअरिंग नकाशाच्या ग्रिड बेअरिंगमध्ये बदला, मग बॅक बेअरिंग (उलट दिशेचा कोन) काढा: १८० अंशांपेक्षा कमी असेल तर १८० मिळवा, जास्त असेल तर १८० वजा करा. त्या त्या शिखरापासून नकाशावर रेषा ओढल्या की त्या जिथे छेदतात तिथे तुम्ही उभे आहात. तिसऱ्या शिखराची रेषा पडताळ्यासाठी ओढावी. मोटारीच्या पंपाजवळ, विजेच्या खांबाखाली किंवा ट्रॅक्टरशेजारी उभे राहून बेअरिंग घेऊ नका, लोखंडाने सुई फिरते. सहा आकडी ग्रिड रेफरन्स (नकाशावरच्या चौकटींवरून जागा सांगणारे आकडे) १०० मीटरच्या चौकोनापर्यंत जागा दाखवतो. तो सांगताना आधी पूर्वेकडे जाणारे आकडे आणि मग उत्तरेकडे जाणारे, हा क्रम झोपेतही चुकता कामा नये. परीक्षेच्या घाईत सर्वांत जास्त गुण याच ठिकाणी जातात.

सँड मॉडेलवर (मातीत उभारलेल्या जमिनीच्या नमुन्यावर) हुकूम देण्याच्या परीक्षेची तुम्ही धास्ती सांगितलेली नाही, पण माझ्या मते काडरमध्ये माणसाची खरी पारख तिथेच होते. क्रम सर्वांना पाठ असतो: जमिनीची ओळख, शत्रूची आणि आपली खबर, मकसद, अंमलबजावणी, प्रशासन, कमांड आणि सिग्नल. फरक पडतो तो असा की, एक हवालदार हा क्रम म्हणून दाखवतो आणि दुसरा आपल्या प्रत्येक सेक्शनला नेमके काय करायचे ते सांगतो. मकसद दोनदा आणि तेही त्याच शब्दांत सांगितला जातो, याचे कारण हुकूम ऐकणाऱ्याने तोच घेऊन पुढे जायचे असते. फायर कोण देणार, तो कधी उचलायचा, जखमीला कोणत्या वाटेने मागे न्यायचे, प्लाटून कमांडर पडला तर कमान कोणाकडे, ही उत्तरे विचारण्याआधी तुमच्या हुकमात आली पाहिजेत. यासाठी रजेत घरामागच्या काळ्या मातीत एक मॉडेल करा: दोन नाले, एक टेकडी, बांधाची झाडे, वस्तीसाठी चार खडे, आणि उत्तर दिशेचा बाण विसरू नका. गावातली भरतीची तयारी करणारी पोरे समोर बसवा, हुकूम द्या, आणि शेवटी त्यांनाच विचारा की दोन नंबर सेक्शनने काय करायचे आहे. त्या पोरांना फौजेतले काही माहीत नसते, म्हणूनच त्यांना ते सांगता आले तर तुमचा हुकूम स्पष्ट होता असे समजा. पलटणीतला कोणताही खरा इलाका किंवा खरी योजना मात्र त्या मातीत उतरवू नका.

शिकवण्याच्या बाबतीत आपल्या खान्देशी जवानांची एक खास अडचण आहे, ती मोकळेपणाने मांडतो. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि पलटणीत हिंदी, असा आपला प्रवास होतो. हिंदी बोलता येते, परंतु ती कामापुरती आणि तुटक असते, आणि वर्गापुढे सलग पंधरा मिनिटे बोलायचे म्हटले की शब्द अडतात. बुद्धी कमी आहे म्हणून हे होत नाही, सराव नाही म्हणून होते. वेपन ट्रेनिंगचा कोणताही एक सबक घ्या आणि शुरू-शुरू का काम, दोहराई, पहुँच, उद्देश्य, सामान, भागों में बाँट या तरतीबीने तो रोज मोठ्याने बोला. मनातल्या मनात बोलण्याचा उपयोग होत नाही. पलटणीत असताना प्लाटून कमांडर साहेबांना विनंती करून आठवड्यातून एक क्लास स्वतः मागून घ्या. हत्यार हातात असताना तोंड वर्गाकडे ठेवणे, प्रश्न आधी साऱ्या वर्गाला विचारून मग एकाचे नाव घेणे, ज्याला आले नाही त्याला सर्वांपुढे न लाजवणे, या गोष्टी उस्ताद बारकाईने पाहतात. बेळगावच्या ज्युनिअर लीडर्स विंगचा किंवा महूच्या इन्फंट्री स्कूलचा कोर्स करून आलेला कोणी तुमच्या कंपनीत असेल तर त्याच्या क्लासच्या मागे उभे राहून एकदा पाहा.

ड्रिल आणि शरीर यांबद्दल थोडक्यात. ड्रिलमध्ये स्वतःच्या पावलाइतकेच हुकमाला महत्त्व आहे: तैयारीचा शब्द लांब, अमलाचा शब्द आखूड, आणि तो अचूक पावलावर. बीपीईटीमध्ये (लढाऊ शारीरिक क्षमतेच्या चाचणीत) ५ किलोमीटरची दौड, ६० मीटरची स्प्रिंट, उभा आणि आडवा रस्सा, आणि ९ फुटी खंदक असतो. चाळिशीकडे झुकलेल्या शरीराला दौडीपेक्षा रस्सा जड जातो, म्हणून हात आणि पकड यांच्याकडे वर्षभर लक्ष द्या. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) रजेत पुरणाचे मांडे आणि आमरस सोडा असे मी म्हणणार नाही, पण वैशाखात आपल्याकडे सकाळी आठनंतर धावणे शक्य नसते, तेव्हा उजाडण्यापूर्वी धावून घ्या. वजन वाढून मेडिकल कॅटेगरी खाली गेली तर बाकीची सारी मेहनत थांबून राहते. शेप-१, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीची वैद्यकीय श्रेणी, टिकवणे हाही तयारीचाच भाग आहे.

पद मिळाल्यावर काय बदलते ते आजपासून ध्यानात असू द्या, कारण बोर्डावर तुमच्या वागण्यात तेच शोधले जाते. जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) हा राजपत्रित असतो, त्याला कलम ८० लागू होत नाही आणि समरी कोर्ट मार्शल (कमांडिंग ऑफिसरने चालवायचा लष्करी खटला) त्याच्यावर चालवता येत नाही. कायद्याने जो एवढा विश्वास टाकला आहे, तो त्याच्या हातून जवानांना मिळणाऱ्या न्यायासाठी आहे. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर लंगरमध्ये ताट घेऊन बसलात, त्यांच्यातल्याच कोणाची रजा नाकारायची वेळ येईल. तिथे मैत्री राखायची म्हणून नियम वाकवू नये, आणि साहेब झालो म्हणून ओळख विसरू नये. २०२२ पासून अग्निवीर येऊ लागले आहेत. त्यांच्यापैकी २५ टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात, आणि चार वर्षांत त्यांना सर्वांत जवळून पाहणारा माणूस प्लाटूनमध्येच असतो. आजच त्यांतील एकेकाचे घर, शिक्षण, कमजोरी वहीत टिपून ठेवण्याची सवय लावा. कंपनी हवालदार मेजरची नेमणूक मिळत असेल तर ती ओझे समजून टाळू नका; माणसे, ड्युटी आणि शिस्त यांचा मेळ तिथे जितका शिकायला मिळतो तितका दुसरीकडे मिळत नाही.

सर्व काही करूनही नाव डावलले गेले आणि ते अन्यायाने झाले असे वाटले, तर आर्मी ॲक्टच्या कलम २६ खाली तक्रार करण्याचा हक्क आहे, आणि त्यापुढे सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, ज्याचे एक पीठ मुंबईत आहे. तक्रार मुदतीत, आपल्याच अधिकाऱ्यांमार्फत आणि नोंदींच्या आधारे करावी. बाहेर कोणाकडून शिफारस लावण्याने नुकसानच होते.

आता ‘अनविलिंग’चा प्रश्न. आई-वडिलांची काळजी खरी आहे आणि ती बाजूला सारा असे मी सांगणार नाही. पण सही करण्याआधी तिचे परिणाम पाहा. हवालदाराची सेवा २४ वर्षांची आणि स्क्रीनिंगनंतर (छाननीनंतर) आणखी २. नायब सुभेदाराची २६ आणि त्यावर २. सातव्या वेतन आयोगात हवालदाराचा लेव्हल ५ हा २९,२०० रुपयांपासून, तर नायब सुभेदाराचा लेव्हल ६ हा ३५,४०० रुपयांपासून सुरू होतो. ८, १६ आणि २४ वर्षांच्या एमएसीपीमुळे (पदोन्नतीविना ठरावीक सेवेनंतर वरची वेतनश्रेणी देणाऱ्या योजनेमुळे) पुढची लेव्हल तशीही मिळेल, मग काडर कशाला, असे काही जण म्हणतात. परंतु नियमित पदोन्नती नाकारणाऱ्याला एमएसीपीचा लाभ मिळण्यात अडचण येते, हे त्यांच्या लक्षात नसते. निवृत्तीच्या वेळी मिळणारे मानद नायब सुभेदारपद ही वेगळी गोष्ट आहे. त्याने सेवा वाढत नाही आणि प्लाटूनही मिळत नाही. शिवाय एकदा दिलेले अनविलिंग मागे घेणे फार कठीण जाते.

म्हणून माझे म्हणणे असे की, या आखाजीला रजा मिळाली तर घरच्यांबरोबर बसून बोला. आपल्याकडे सालदार याच दिवसांत ठरतो आणि बटाईचे व्यवहारही तेव्हाच होतात. शेत दोन-तीन वर्षांसाठी भाऊबंदांपैकी विश्वासू माणसाला बटाईने देता येते काय, आई-वडिलांपैकी एकाला तरी फॅमिली स्टेशनवर (कुटुंब सोबत ठेवता येते अशा नेमणुकीच्या ठिकाणी) आणता येईल काय, औषधपाण्याचे कोण पाहील, हे तुमच्या पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना, विचारून ठरवा, कारण आजवर ते घर त्यांनीच चालवले आहे. हे सारे पाहूनही घरी परतणेच गरजेचे ठरले, तर त्यात कमीपणा नाही. तोवर कोणत्याही कागदावर सही करू नका, आणि परत जाताना तालुक्याचा नकाशा पेटीत ठेवा.