शेजाऱ्याचं कुंपण डोक्यावर गेलंय, काय करायचं? तुमचे प्रश्न

शेजाऱ्यानं दक्षिणेच्या बांधाला सुरूची झाडं लावलीत, वीस-पंचवीस फूट गेलीत. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाच्या कडेच्या ओळी सावलीत, पानं उशिरापर्यंत ओली आणि डाऊनी (केवडा रोग) तिथूनच सुरू होतो. कायद्यानं किती उंची चालते? (तासगाव)

दादा, आपल्याकडं झाडांच्या कुंपणाला उंचीची अशी ठराविक मर्यादाच नाही. इंग्लंडात 2003 च्या कायद्यानं सदाहरित कुंपण 2 मीटरच्या वर गेलं की तिथल्या कौन्सिलकडं तक्रार करता येते, इथं तसं काही नाही. आणि स्पष्टच सांगतो, नुसत्या सावलीवर केस लढवणं अवघड आहे, कारण 1882 च्या सुखाधिकार कायद्यात (दुसऱ्याच्या जागेवरच्या वाट, पाणी, उजेड अशा हक्कांचा कायदा) उजेडाचा हक्क इमारतीला मिळतो, मोकळ्या रानाला नाही. तुमची खरी बाजू फांद्या आणि मुळ्यांची. त्या हद्द ओलांडून तुमच्या रानात आल्या असतील तर फोटो काढा, कृषी सहाय्यकाला बाग दाखवा, वकिलाची नोटीस द्या, तरी ऐकलं नाही तर दिवाणी कोर्टात मनाईचा दावा टाका आणि जागा बघायला कोर्ट कमिशनर मागा. मुळ्यांसाठी आपल्या बाजूनं चर काढला तर कुणाची हरकत चालत नाही. पण त्याआधी एकदा त्याच्या घरी जाऊन बोला, छाटणीच्या आधी शेंडे मारून दे म्हणा, सुरू वाऱ्यासाठी लावलाय तर त्याचंही काम भागतं.

शेजारच्यांच्या मेंदीनं आणि बोगनवेलीनं आमच्या हॉलची खिडकी झाकली, घर बांधून सहा वर्षं झालीत. (शाहूपुरी, सातारा)

ताई, तुमचं घर आहे म्हणून वर सांगितलेला 1882 चा कायदा लागू होऊ शकतो, पण उजेडाचा हक्क लागायला सलग 20 वर्षं विनाअडथळा उजेड घेतलेला लागतो. सहा वर्षांत तो होत नाही. त्यापेक्षा तालुका विधी सेवा समितीत दावापूर्व अर्ज करा, कोर्ट फी लागत नाही, आणि लोकअदालतीत तडजोड झाली की त्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच किंमत असते. 'वर्षातून दोनदा खिडकीच्या खालपर्यंत छाटायचं' असं लेखी येऊ द्या, तोंडी बोललेलं दुसऱ्या पावसाळ्यात कुणाला आठवत नाही.

आमच्या अंगणात आलेल्या फांद्या मी तोडू का? (मिरज)

आपल्या हद्दीत आलेल्या तेवढ्याच, आपल्याच जागेत उभं राहून, तोडता येतात. पण पलीकडं पाय टाकायचा नाही, बुंध्याला हात लावायचा नाही आणि तोडलेलं लाकूड त्याचं आहे, ते त्याला द्या. महापालिका हद्दीत 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, त्यात झाडाला इजा करणंही 'तोडणं' धरतात, म्हणून आधी वृक्ष अधिकाऱ्याकडं अर्ज द्या. रागाच्या भरात कोयता चालवून स्वतःवरच केस ओढवून घेतलेली माणसं मी बघितलीत, खूप वाईट वाटतं.

कुंपण नक्की कुणाच्या जागेत, हाच वाद आहे. (कोरेगाव)

मग उंचीचं नंतर. आधी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची फी भरा, शेजाऱ्याला नोटीस निघते, त्याच्यासमोर हद्दीच्या खुणा होऊ द्या आणि मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत ताब्यात घ्या. खुणा कुणी उपटल्या तर तोही गुन्हा आहे, तहसीलदारांकडं तक्रार द्या.