किक उलटी येते, कार्बोरेटरमधून ‘फट्’ होतं, पण गाडी सुरू होत नाही

प्रश्न : माझी १५० सीसीची सिंगल सिलिंडर, कार्बोरेटरवाली जुनी बाईक आहे. मॅग्नेटच्या (क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या टोकावर फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकाच्या) बाजूने ऑइल गळत होतं म्हणून मी स्वतःच मॅग्नेट काढून मागचं सील बदललं, परत बसवलं, आणि तेव्हापासून गाडी सुरूच झालेली नाही. किक मारली की कधी कार्बोरेटरमधून फट् असा आवाज येऊन धूर निघतो, कधी किक इतक्या जोरात उलटी येते की परवा घोटा सुजला. प्लग नवा टाकला, कार्बोरेटर दोनदा साफ केला, मित्राच्या गाडीचा सीडीआय (स्पार्क पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) लावून पाहिला. स्पार्क चांगला निळा पडतोय. टायमिंग लाइट (स्पार्कबरोबर चमकणारा दिवा) धरला तर ‘एफ’ची, म्हणजे स्पार्क कुठे पडायला हवा ती खूणही बरोबर जागेवर चमकते. आता काय बदलू?

उत्तर : आता काहीच बदलू नका, आणि आधी किक मारणं थांबवा. उलट्या किकने पाय मोडलेले लोक आहेत.

गाडी बिघडायच्या आधी शेवटचं काय उघडलं होतं हा माझा पहिला प्रश्न असतो, आणि तुम्ही तो न विचारताच सांगितलाय. मॅग्नेट काढलं. त्यामुळे माझा पहिला संशय मॅग्नेट आणि क्रँकच्या मधल्या त्या छोट्या अर्धगोल चावीवर आहे, ती कापली गेली असणार किंवा बसवतानाच खाचेतून सरकली असणार. पुष्कळांना वाटतं की ही चावी मॅग्नेटला धरून ठेवते, तसं नाहीये, मॅग्नेट धरलं जातं ते शाफ्टच्या निमुळत्या भागावर नटच्या दाबाने, चावी फक्त त्याची जागा ठरवते. निमुळत्या भागावर ऑइल राहिलं किंवा नट कमी आवळला गेला तर मॅग्नेट फिरतं आणि चावी कापली जाते. शाफ्ट तिथे समजा १४ मिलिमीटर जाड असेल तर १ मिलिमीटर सरकणं म्हणजे जवळजवळ ८ डिग्री. आयडलला (गाडी जागेवर हळू चालू असताना) स्पार्क पिस्टन सगळ्यात वर यायच्या साधारण १० ते १५ डिग्री आधी पडायचा असतो, म्हणजे ३ मिलिमीटरमध्ये सगळा हिशोबच बिघडला.

स्पार्क फार लवकर पडला की पिस्टन वर यायच्या आतच पेट्रोल पेटतं आणि त्याला परत खाली ढकलतं, तीच तुमची उलटी किक. इंजिन उलटं फिरलं की इनटेक वॉल्व (कार्बोरेटरकडून पेट्रोल-हवा आत घेणारा) जो नुकताच बंद झालेला असतो तो परत उघडतो आणि पेटलेला गॅस सरळ कार्बोरेटरमधून बाहेर येतो. म्हणजे फट् आणि घोटा, दोन्हींचं कारण एकच. कार्बोरेटर तिसऱ्यांदा साफ करून यात काही होणार नाही.

राहिला टायमिंग लाइट, त्याने तुम्हाला फसवलं. ‘एफ’ची खूण मॅग्नेटवर असते आणि पिकअप कॉइलला (जी सीडीआयला स्पार्कची वेळ कळवते) इशारा देणारा उंचवटाही मॅग्नेटवरच असतो, त्यामुळे मॅग्नेट सरकलं तरी दोघं बरोबरच सरकतात आणि लाइटला सगळं ठीकच दिसतं. खरं काय ते पिस्टनलाच विचारायचं. इग्निशन बंद, प्लग काढा, प्लगच्या भोकात प्लास्टिकची लांब स्ट्रॉ घाला (स्क्रू ड्रायव्हर नको, अडकला तर पिस्टनवर ओरखडे), आणि मॅग्नेटचा नट पान्याने इंजिन फिरतं त्या दिशेने हळूहळू फिरवा. स्ट्रॉ वर येते, थोडा वेळ थांबल्यासारखी होते आणि खाली जायला लागते. ती थांबते तिथे नेमका मध्य कळत नाही, म्हणून वर येताना एका उंचीला मॅग्नेटवर पेन्सिलने खूण करा, खाली जाताना त्याच उंचीला दुसरी, दोन्हींचा मध्य म्हणजे पिस्टन सगळ्यात वर. तिथे मॅग्नेटवरची ‘टी’ची (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) खूण इंजिनच्या केसवरच्या खुणेसमोर हवी. ती दोन बोटं बाजूला दिसली तर चावी गेली, मग आणखी शोधाशोध नको.

मॅग्नेट काढताना पुलरच (ओढून काढायचं हत्यार) वापरा, हातोडी नाही, आतली चुंबकं तडकतात. नवी चावी टाका, शाफ्ट आणि मॅग्नेटचा आतला भाग पेट्रोलने पुसून अगदी कोरडा करा, ग्रीस अजिबात नको, आणि नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळा. अंदाजाने आवळलात तर बहुतेक हेच पुन्हा होईल.

‘टी’ जागेवर निघाली तर मग टायमिंग चेन (क्रँकवरून वॉल्व उघडणारा कॅम फिरवते ती) बघा, कारण इतक्या उलट्या किकांमध्ये चेन ताणून धरणारा टेन्शनर सैल असेल तर चेन दात सोडू शकते. कॅमच्या गिअरला ३२ दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकवर साडेबावीस डिग्री. ‘टी’वर कॉम्प्रेशन असताना (दोन्ही वॉल्व बंद असतात तेव्हा) दोन्ही टॅपेट, म्हणजे वॉल्व दाबणारे स्क्रू, किंचित हलली पाहिजेत. हलत नसतील तर एक पूर्ण फेरा फिरवून परत बघा, तरीही इनटेकचं घट्टच राहिलं तर वॉल्व बंदच होत नाहीये, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) सेट करा.

आणि हो, किक मारताना कार्बोरेटरच्या तोंडाशी चेहरा नेऊन बघू नका. तिथून नुसता धूर नाही, ज्वाळाही येते.

प्रश्न : माझ्या गाडीचा आवाज सायलेन्सरमधून येतो. आठ-दहा किका रिकाम्या जातात, मग एकदम धडाम, आणि परत शांत. गाडी धुतल्यावर हे जास्त होतं.

उत्तर : तुमचा रोग वेगळा आहे, स्पार्क मध्येच गायब होतोय. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठत जातं आणि एखादा स्पार्क पडला की सगळं एकदम पेटतं. धुतल्यावर वाढतं म्हणताय तर प्लगची टोपी आधी काढून बघा, आत पाणी किंवा हिरवट गंज असेल. रेझिस्टर असलेली टोपी मीटरवर बहुतेक ५ किलोओहमच्या आसपास दाखवते, मीटर काहीच दाखवत नसेल तर टोपी बदला. वायर टोपीत स्क्रूसारखी बसते, तिचं टोक काळं पडलं असेल तर अर्धा सेंटिमीटर कापून परत फिरवून बसवा. तेवढ्याने नाही झालं तर किल स्विचची (हँडलवरच्या इंजिन बंद करायच्या बटणाची) वायर काढून बघा, हँडल वळवताना ती घासून उघडी पडलेली मी खूपदा पाहिली आहे.