बिग फाइव्ह चाचणी मराठीत भाषांतर करून गावाकडच्या बायकांवर वापरली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की एम.ए.च्या प्रबंधासाठी बिग फाइव्हची, म्हणजे बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नावीन्याची ओढ या पाच घटकांत स्वभाव मोजणारी, ४४ विधानांची प्रश्नावली मराठीत आणून सोलापूरकडच्या बायकांकडून भरून घेणार आहात, आणि गाईड म्हणतात, ‘उलट भाषांतर जुळलं की झालं’, म्हणजे मराठी विधानं परत इंग्रजीत आणली आणि मुळाशी जुळली की पुरे. हे वाक्य मी २००९ साली शब्दशः ऐकलंय, म्हणून लिहायला बसले. चालेल का? भरून घ्या, पण येणाऱ्या आकड्यांना लगेच ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणू नका.

माझं एम.फिल.चं काम मंगळवेढा तालुक्यात होतं. बऱ्याच जणींना वाचायची सवय नव्हती, म्हणून मी विधान वाचायचे आणि त्या सांगतील तिथे १ (अजिबात लागू नाही) ते ५ (पूर्ण लागू) मध्ये खूण करायचे. विधानाचा अर्थ समजावून सांगायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक मावशी भेटल्या, अंगणात सुपात ज्वारी पाखडत बसलेल्या. पहिलं विधान वाचलं, ‘मी बोलकी आहे.’ हात न थांबवता त्यांनी विचारलं, ‘कुणासंगं?’

मी म्हटलं, ‘असंच, एकंदरीत.’

‘एकंदरीत म्हंजी? माहेरात म्हणताय का हिथं?’

समजावायचं नाही, म्हणून मी विधान पुन्हा वाचलं. त्या म्हणाल्या, ‘बोलती की. माहेरात गेल्यावर माझ्याम्होरं कुणाचं चालतंय?’ मी पाचावर खूण केली. सहावं विधान, ‘मी अबोल आहे.’ लगेच उत्तर आलं, ‘हाय की. हिथं सासऱ्याम्होरं कधी तोंड उघडलं न्हाई.’ पुन्हा पाच. मी समासात पेन्सिलीनं ‘माहेर’, ‘सासर’ असं लिहून ठेवलं.

एकोणिसावं विधान, ‘मी खूप काळजी करते.’ हे न्यूरोटिसिझमचं, म्हणजे भावनिक अस्थिरतेचं. त्यांनी सूप खाली ठेवलं. ‘मी न्हाई करायची तर कोण करायची लेकराबाळांची?’ पाच. इंग्रजीत हे विधान मनाच्या अस्वस्थतेबद्दल आहे. मराठीत काळजी करणं आणि काळजी घेणं शेजारी शेजारी राहतात. काळजी नाही असं म्हणणारी आई आपल्याकडे निष्काळजी ठरते. आपल्या कर्तेपणाबद्दल बोलणाऱ्या त्या बाईच्या खात्यात मी मानसिक अस्थिरतेचे गुण जमा केले.

शेवटी शेवटी ‘मला कलेत फारशी आवड नाही’ असं एक विधान येतं. त्या म्हणाल्या, ‘न्हाई.’ म्हणजे आवड नाही, की विधान खरं नाही? मराठीत ‘नाही’ला ‘नाही’ म्हटलं की दोन्ही अर्थ निघतात. पंचमीच्या फेरात पहिलं गाणं धरायचं ते याच मावशींनी, हे मला त्यांच्या सुनेनं नंतर सांगितलं. ‘कला’ हा शब्द त्यांनी त्या गाण्यांना कधी लावलाच नव्हता.

असे ३१ फॉर्म निघाले, बोलकीही पाच आणि अबोलही पाच. गाईडनी ते पाहिले आणि म्हणाले, ‘भाषांतर तज्ज्ञांनी तपासलंय. दोष उत्तर देणाऱ्यांचा आहे. अडाणी बायका, विधान कळलेलं नाही. परस्परविरोधी फॉर्म काढून टाका.’ मी समासातल्या नोंदी दाखवल्या. ते म्हणाले, ‘नोंदींना गुण नसतात.’ मी फॉर्म काढले. अल्फा, म्हणजे उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, झक्कपैकी वर गेला, प्रबंध मंजूर झाला. विधान त्या बायकांना नीट कळलं होतं, माझ्यापेक्षा जास्त, हे तेव्हा ठासून सांगायला हवं होतं. मी गप्प बसले.

आणि हे सांगण्यासाठी मला आधारही होता, वाचलेला नव्हता एवढंच. श्वेडर आणि बोर्न या संशोधकांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला भुवनेश्वरच्या ओडिया लोकांना आणि शिकागोच्या लोकांना ओळखीच्या माणसांचं वर्णन करायला सांगितलं. अमेरिकन ‘ती मनमिळाऊ आहे’ या थाटात बोलले; ओडिया लोक कोण, कुणासाठी, कोणत्या प्रसंगी काय करतं ते सांगत होते. जोन मिलर यांनी १९८४ साली म्हैसूर आणि शिकागोची तुलना छापली. लहान मुलांत फारसा फरक नव्हता, वय वाढलं तसा तो वाढत गेला. जन्मजात काही नाही, ही बोलण्या-विचार करण्याची रीत शिकलेली असते.

मुळात बिग फाइव्ह आलं कुठून? १९३६ साली ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी वेबस्टरच्या इंग्रजी कोशातून माणसाच्या वर्णनाचे जवळजवळ १८,००० शब्द वेचले, पुढची चाळणी त्यातूनच होत गेली. मोल्सवर्थचा मराठी कोश घेऊन कुणी बसलं असतं तर? भिडस्त, सोशिक, मानी, आतल्या गाठीचा. ‘भिडस्त’ कोणत्या रकान्यात टाकाल? अंतर्मुख, सौजन्यशील की घाबरट? भीड नेहमी कुणाची तरी असते, तो कुणीतरी बाजूला काढला की शब्दात काही उरत नाही. हाँगकाँगच्या फॅनी च्युंग यांनी चिनी माणसांच्या वर्णनांपासून सुरुवात करून स्वतंत्र चाचणी बांधली, तेव्हा नातेसंबंध जपण्याचा एक वेगळाच घटक हाती लागला. हिंदी शब्दांवरचा २०१३ चा अभ्यासही पाहा. तिथे घटकांना सात्त्विक, राजस, तामस अशी नावं द्यावी लागली.

त्याच वर्षी बोलिव्हियातल्या चिमाने लोकांवरचा अभ्यास छापून आला. ६३२ प्रौढ माणसं, भाषांतरित बिग फाइव्ह, आणि पाच घटक काही सापडले नाहीत. २०१९ साली २३ देशांतल्या ९४,००० हून जास्त लोकांच्या समोरासमोर घेतलेल्या मुलाखती तपासल्या, तिथेही चाचणी डळमळली. तुमचंही काम समोरासमोरचंच आहे.

आता दुसरी बाजू. त्याच २०१९ च्या अभ्यासात, त्याच देशांतल्या इंटरनेटवरून स्वतःहून चाचणी भरणाऱ्यांत पाच घटक बऱ्यापैकी टिकले. तेव्हा तुमचा नमुना पुण्यातल्या कॉलेजच्या मुलींचा असता, तर मी एवढं लिहिलं नसतं. मुलाखतीत लोक पाहुण्याचं मन राखायला ‘हो’ म्हणत जातात, तोही दोष त्या आकड्यांत आहेच. माझ्या ३१ मध्येही काही तसे असतील. आणि ‘भारतीयांना स्थिर स्वभावच नसतो’ असं कुणी म्हणालं तर ते साफ खोटं आहे. ‘स्वभावाला औषध नाही’ हे आपणच म्हणतो ना?

तुमच्यापुरतं सांगायचं तर प्रत्येक विधानापुढे ‘कुणाशी / कुठे’ असा कोरा रकाना ठेवा. नकारार्थी विधानं तोंडी विचारूच नका, सरळ करून घ्या. दहा बायकांशी आधी फक्त गप्पा मारा, ‘तुमची जाऊ कशी आहे?’ एवढंच विचारा आणि त्या वापरतील ते शब्द जसेच्या तसे उतरवा. गाईडनी फॉर्म गाळायला सांगितलेच तर गाळलेल्यांचा आकडा आणि कारण प्रबंधात छापा, समासातल्या नोंदी परिशिष्टात घाला. त्यांना नको असेल तर त्यांच्याकडून तसं लेखी घ्या.

माझे ते ३१ फॉर्म अजून माळ्यावरच्या पेटीत आहेत, फेकवले नाहीत. नावं झाकून समासातल्या नोंदींचे फोटो पाठवते, हवे असतील तर सांगा.