कन्हानच्या पात्रातले चार दगड : जीवाश्म कोणते, नुसते गोटे कोणते

नागपूरच्या कामठीजवळ, बिना संगमाच्या खालच्या अंगाला तुम्हाला सापडलेल्या चार दगडांचे फोटो पाहिले. यांतले जीवाश्म कोणते, असं तुम्ही विचारलंय. अंड्यासारखा गोल गोटा, फर्नची नक्षी असलेला पिवळट तुकडा, रेघारेघांचा जड तुकडा आणि गारेत रुतलेला शंख. माझ्या मते शेवटचे दोन जीवाश्म आहेत, पहिले दोन नाहीत. का, ते सविस्तर सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी पात्रातच निवाडा करता येईल.

दगड कशासारखा दिसतो हा प्रश्न नंतरचा. आधी तो कुठल्या खडकातून सुटून आला ते ओळखा. कन्हान, पेंच आणि कोलार या तिघी संगमावर वेगवेगळा माल आणून टाकतात. काळा पत्थर, म्हणजे लाव्हाचा बेसॉल्ट, आणि त्याच्या थरांमधली गार सातपुड्याकडून, छिंदवाडा-सावनेरच्या अंगाने येते. लालसर-पिवळा वालुकाश्म, शेल (चिखलाचा पापुद्र्यांचा खडक) आणि कोळशाचे तुकडे गोंडवाना खडकांचे, म्हणजे कोळसा असलेल्या जुन्या गाळाच्या खडकांचे. कामठी, सिलेवाडा, पाटणसावंगीचा पट्टा त्यांचाच. तिसरा माल म्हणजे चमचमणारे अभ्रकी दगड, संगमरवर आणि मँगनीज, म्हणजे रामटेक-मनसरकडचे सौसर गटाचे खडक. ते जमिनीत खोल भाजून-दाबून पार बदललेले आहेत. त्यांत जीवाश्म शोधण्यात वेळ घालवू नका, नक्षी कितीही सुंदर असो.

आणखी एक गाळणी. आपल्याकडचे जीवाश्म बहुतेक गोड्या पाण्यातले आणि जमिनीवरचे आहेत. शाळिग्राम हा सागरी प्राण्याचा जीवाश्म, तो गंडकीत मिळतो. कन्हानच्या खडकांत तो नाही, प्रवाळही नाही. काळ्या पत्थरातली पांढरी गोल टिंबं पाहून बरेच जण प्रवाळ म्हणतात. ते लाव्हातले वायूचे बुडबुडे असतात, नंतर झिओलाइट नावाच्या खनिजाने नाहीतर गारेने भरलेले.

आता तुमचं अंडं. डायनासोरची अंडी मध्य भारतात लॅमेटा थरांत, म्हणजे काळ्या पत्थराखालच्या गाळाच्या थरांत मिळतात, हे खरं. पण ती साधारण 12 ते 20 सेंमी व्यासाची असतात आणि त्यांना कवच असतं, 1 ते 3 मिमी जाडीचं, बाहेरून बारीक दाणेदार. कवच चुन्याचं, त्यामुळे पातळ आम्लाचा थेंब टाकला की फसफसतं. तुमच्या गोट्याच्या फुटलेल्या कडेला वेगळं कवच दिसत नाही, कांद्यासारखे एकावर एक पापुद्रे सुटलेले दिसतात. बेसॉल्ट झिजतो तेव्हा असाच गोल सुटत जातो. वालुकाश्मातल्या लोहाच्या गाठी आणि काळ्या मातीतले कंकर, म्हणजे चुन्याचे खडे, हेही असेच फसवतात. कवच नाही तर अंडं नाही, हा नियम पक्का धरा. शिवाय इतकं नाजूक कवच गोट्यांबरोबर मैलोन्‌मैल घरंगळून शाबूत राहणं फार अवघड.

फर्न म्हणजे डेंड्राइट. मँगनीज आणि लोहाचं पाणी दगडाच्या चिरेत शिरतं आणि फांद्या फुटल्यासारखं पसरत सुकतं. मँगनीजच्या खाणींचा आपला मुलूख, त्यामुळे हा प्रकार इथे सर्रास मिळतो. 10 पटीच्या भिंगाखाली धरा. डेंड्राइटला मधली शीर नसते, फाटे हवे तसे फुटतात, आणि नक्षी बहुधा चिरेच्या कडेपासून आत वाढत जाते. खरं पान थराच्या पातळीवर आडवं पडलेलं असतं, थर कापून जाणाऱ्या चिरेत नाही.

खरं पान हवं असेल तर कामठी थरांच्या बारीक पोताच्या लालसर-करड्या शेलमध्ये ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीचं पान शोधा, सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीचं. पान लांबट, कड सलग, मधून ठळक शीर. तिच्यातून निघालेल्या बारीक शिरा एकमेकींना जुळून जाळी करत कडेपर्यंत जातात. मधली ठळक शीर नसेल आणि जाळी मात्र असेल, तर गँगामॉप्टेरिस या तिच्यासारख्याच दुसऱ्या वनस्पतीचा विचार करा. फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा. भर दुपारी जाळी दिसतच नाही.

तिसरा तुकडा लाकूड आहे, आणि तुमच्या चारांत मला सगळ्यात मोलाचा तोच वाटतो. इथे चूक होते ती पट्टेदार गारेशी. तिलाही रेघा असतात, पण रेघ म्हणजे लाकूड नव्हे. तुकडा ओला करून तिन्ही बाजूंनी बघा. पट्टेदार गारेचे पट्टे दगडाच्या आरपार जातात, त्यामुळे आडव्या काप्यातही तेच सरळ पट्टे दिसतात. लाकडाची प्रत्येक बाजू वेगळी बोलते: उभ्या अंगाला लांब तंतू, आडव्या काप्याला छिद्रं किंवा वलयं, आणि केंद्राकडून बाहेर जाणाऱ्या बारीक किरणरेषा. आडवा कापा झिजलेला असेल तर काचेवर पाणी टाकून 220, मग 400, मग 800 नंबरच्या पॉलिश पेपरवर घासा. घाईने 220 वरच थांबलात तर ओरखडेच पेशींसारखे दिसतात.

मग पुढचं वाचन सोपं आहे. वलयं स्पष्ट, पण मोठी छिद्रं अजिबात नाहीत, तर सूचिपर्णी धाटणीचं लाकूड, म्हणजे बहुतेक गोंडवाना. गोल छिद्रं विखुरलेली असतील तर सपुष्प (फुलं येणारा) वृक्ष, म्हणजे काळ्या पत्थराच्या काळातला, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. वलयंच नाहीत आणि कापाभर ठिपके आहेत, तर ताड-माडाच्या जातीचं खोड. छिंदवाड्यातलं मोहगाव कलान अशाच वनस्पतींसाठी जगभर माहीत आहे. चाकूने ओरखडा उठत नसेल तर ते सिलिकाचं झालेलं आहे; तुमच्या तुकड्यावर तो उठत नाही, असं तुम्ही लिहिलंयच.

शंख बहुतेक फायसा प्रिन्सेपी या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचा. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड डावीकडे आलं तर वळण डावं, आणि फायसाची ही मोठी खूण. उजवीकडे आलं तर लिम्निया किंवा पॅल्युडिना या दुसऱ्या गोगलगायी बघाव्या लागतील. नागपूरजवळच्या टाकळीच्या थरांतले हे शंख आणि वनस्पती स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी 1850 च्या दशकात अभ्यासले. पात्रात आजचे शंखही ढिगाने असतात. ते हलके, पातळ, आत माती भरलेले आणि आम्लात फसफसणारे. गारेतला शंख गारेसकट एकजीव असतो.

हाडांबाबत जपून. जीभ लावून बघण्याची पद्धत (जीवाश्म हाड जिभेला चिकटतं, म्हणून) नदीत वापरू नका. पाणी सांडपाण्याचं आहे आणि काठावर स्मशानघाट आहेत. तापवलेली सुई हाडाच्या आडोशाच्या जागी टेकवा. जळक्या केसांचा वास आला तर हाड ताजं. ते माणसाचं वाटलं तर हात न लावता पोलिसांना कळवा. दगड झालेलं हाड जड लागतं, आणि तुटल्या कडेला आतली जाळी खनिजाने भरलेली दिसते. नुसते बुडबुडे आणि काचेसारखी चकाकी असेल तर तो भट्टीचा मळ आहे.

शोधायला नोव्हेंबर ते मे. वळणाच्या आतल्या बाजूला साचलेल्या गोट्यांच्या पट्ट्यात, आणि त्यातही वरच्या, भरड टोकाला बघा; बारीक रेतीत काही मिळत नाही. रेती उपसलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, आणि पेंचच्या धरणातून पाणी सोडलं की पात्र भराभर चढतं. एकट्याने उतरू नका. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत परवानगीशिवाय दगडही उचलायचा नाही.

उचलण्याआधी जागेवरच मोजपट्टी ठेवून फोटो, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश, आणि दगड थरात होता की सुटा, हे लिहून ठेवा. ही नोंद नसेल तर अभ्यासकाला त्याचा फारसा उपयोग नाही. ओला शेल उन्हात ठेवलात तर पापुद्रे सुटून पान जातं. वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत सावकाश सुकवा. चिकटवायला फेव्हिकॉल नको. भुसभुशीत हाडाला ॲसिटोनमध्ये 5 टक्के विरघळवलेलं पॅरालॉइड बी-72 हे राळेसारखं चिकटद्रव्य लावतात, नंतर काढता येतं म्हणून.

लाकडाचा आडवा कापा घासून झाला की भिंगातून काढलेला फोटो पाठवा, छिद्रं आहेत की नाहीत तेवढं त्यात कळेल. हाड किंवा कवचाचा तुकडा मिळाला, तर तो घरी साफ करत बसू नका. मातीसकट नागपूर विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागात किंवा सेमिनरी हिल्सच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखवा.